जागा बदलायची कोणी?



रेडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला द्विभुज गणपती आठवतो, यशवंतगड आठवतो, नाहीतर लोहखनिजाच्या खाणी. आपल्याला आधी आठवते ती गाडी. शिरोड्याचा बाजार, वेंगुर्ल्याची कचेरी, सावंतवाडीचं कॉलेज आणि दवाखाना, पलीकडे गोव्यात पेडणे-म्हापशाची नोकरी. कुठेही जायचं तर आधी गाडीची वेळ बघायची आणि मग चुलीकडे वळायचं. म्हणून आज गाडीबद्दलच बोलूया. गाडीत एखाद्या बाईला किंवा मुलीला कोणी त्रास दिला आणि तिने कंडक्टरला सांगितलं, तर कंडक्टरने काय करायचं? या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आपल्या देशात बरीच वर्षं लागली. त्याची ही गोष्ट.

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी अकरावीत होते. गाडी कुठली, मार्ग कुठला, ते सोडून द्या. पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद, पाय ठेवायला जागा नाही. मागे उभा असलेला माणूस गर्दीचं निमित्त करून अंगचटीला येत होता. मी एकदा सरकले, दोनदा सरकले, मध्ये छत्री धरली. शेवटी कंडक्टर तिकिटं काढत जवळ आले तेव्हा धीर करून हळूच म्हटलं, "काका, हो माणूस नीट उभो रवणा नाय." काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, तू पुढे ये. ड्रायव्हरच्या मागे उभी रव."

मी पुढे गेले. तो माणूस होता तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढ्यात दुसरी मुलगी उभी होती.

ते काका वाईट नव्हते. त्यांनी मला त्यांच्या परीने वाचवलंच. पण अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. तिकीट फाडायचं, सुटे परत द्यायचे, वेबिल भरायचं, घंटी मारायची, हे ठाऊक होतं. बाईची तक्रार कशी घ्यायची, हे त्यात कुठे नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गप रव गो, उगाच बोभाटो कशाक?" मी गप्प राहिले, म्हणून माझं कॉलेज चालू राहिलं. माझ्याबरोबरच्या एकीने मात्र घरी सगळं सांगितलं. आठवड्याभरात तिचं कॉलेज बंद झालं. त्रास देणारा त्याच गाडीने जात-येत राहिला, आणि गाडी सुटली ती तिची. आजही एखादी मुलगी गाडीतलं घरी सांगत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सांगितलं तर शाळा बंद होईल, ही भीती.

आता जरा मागे जाऊया. राज्याची पहिली एसटी धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. पुढे ती घाट उतरून कोकणात आली, गावागावांत वस्तीला राहू लागली. आपल्या आया-आज्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. डोक्यावर पाटी घेऊन मैलोन्‌मैल चालणारी बाई गाडीत बसली. मुलींना हायस्कूल गाठता आलं, पुढे कॉलेजही. गाडीत बायकांसाठी राखीव जागा आल्या. पण राखीव जागा बसण्यापुरती. गाडी भरली की अर्ध्या बायका उभ्याच, आणि उभ्या बाईचं संरक्षण हे कोणाचं काम, ते कुठे ठरलेलं नव्हतं.

त्या काळात या प्रकाराला शब्दसुद्धा धड नव्हता. 'छेडछाड' म्हणायचे, म्हणजे जणू चेष्टामस्करीच. कायद्यात, १८६० च्या भारतीय दंड संहितेत, 'विनयभंग' हा गुन्हा होता, पण गाडीतल्या धक्क्यासाठी तो कोणी लावायचा? आणि बाईने तक्रार केलीच, तरी पहिला प्रश्न ठरलेला: "मग तेव्हाच ओरडलीस का नाही?"

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही पोचला होता. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता ते गडचिरोलीत आहे. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या पोलिसांना दोषी ठरवलं होतं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली हे पटत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून विचारलं की, घाबरलेली गरीब मुलगी पोलीस चौकीत ओरडेल कशी? गप्प राहणं म्हणजे होकार का? मुंबई-पुण्यापासून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, की कोर्ट तिचं म्हणणं खरं धरून पुढे जातं.

हे गाडीच्या गोष्टीत का सांगते? कारण कंडक्टर, कंट्रोलर, पोलीस, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी आजही तोच प्रश्न येतो. ओरडली का नाहीस? मैत्रिणींनो, भीतीने माणसाची वाचा बसते. साप पायाशी आला तर आपण ओरडतो का? जागच्या जागी थिजतो. तसंच हे.

दुसरा मोठा टप्पा खेड्यातल्या एका बाईमुळेच आला. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखायला त्या पुढे झाल्या आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांच्या लढ्यामागे महिला संघटना उभ्या राहिल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. कामाच्या जागी लैंगिक छळ म्हणजे काय, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. नको असलेला स्पर्श, अश्लील बोलणं, तसली मागणी, तसली चित्रं दाखवणं. 'छेडछाड' जाऊन 'लैंगिक छळ' हा शब्द आला. आणि तक्रार ऐकून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, हेही ठरलं.

हे झालं कचेरी-कारखान्याचं. गाडीचं काय? त्याची सुरुवात तामिळनाडूत झाली. १९९८ मध्ये चेन्नईत रस्त्यावर पुरुषांनी केलेल्या त्रासात एका कॉलेज विद्यार्थिनीचा जीव गेला, आणि त्या राज्याने या प्रकाराविरुद्ध वेगळा कायदा केला. त्याच राज्यातलं एक प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात आलं. बसस्थानकावर एका बाईशी गैरवर्तन केल्याबद्दल एका पोलीस शिपायाला नोकरीतून काढलं होतं. ते काढणं योग्य, असं न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सांगितलं आणि त्याच निकालात सगळ्या राज्यांना काही आदेश दिले. बसस्थानकांवर साध्या वेशात महिला पोलीस नेमा. कॅमेरे लावा. मदतीचा फोन क्रमांक सुरू करा. सूचनेचे फलक लावा. आणि आपल्या कामाचा आदेश असा: गाडीत प्रवाशाने किंवा गाडीच्या कर्मचाऱ्याने बाईला त्रास दिला आणि तिने तक्रार केली, तर गाडी जवळच्या पोलीस ठाण्याला न्यायची आणि पोलिसांना माहिती द्यायची. तसं केलं नाही तर गाडीचा परवाना रद्द व्हावा.

हे पुन्हा एकदा ऐका. तक्रार झाली की गाडी ठाण्याला न्यायची. मुलीला पुढे बोलावून विषय संपवायचा नाही.

निकाल आला ३० नोव्हेंबरला. त्यानंतर सोळाव्या दिवशी, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री, दिल्लीत एका खाजगी बसमध्ये काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे तर गाडी चालवणारेच गुन्हेगार होते. देश हादरला. न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला, २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. लैंगिक छळ, पाठलाग करणं, चोरून बघणं हे वेगळे गुन्हे म्हणून लिहिले गेले. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदाही आला. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७४ मध्ये विनयभंग, ७५ मध्ये लैंगिक छळ, ७८ मध्ये पाठलाग आणि ७९ मध्ये अश्लील शब्द-हावभाव आहेत. कलमं पाठ करायची गरज नाही. गाडीतला नकोसा स्पर्श हा गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण कागदावर आलं म्हणजे गाडीत आलं असं होत नाही. भर गर्दीत, गाडी उशिरा धावत असताना, पन्नास माणसं "चला हो, चला" म्हणत असताना कंडक्टरने काय बोलायचं, काय करायचं, हे शिकवावं लागतं. दिल्लीत 'जागोरी' या महिला संस्थेने तिथल्या परिवहन महामंडळाच्या चालक-वाहकांबरोबर शिबिरं घेतली. मुंबईत 'अक्षरा' या संस्थेने बेस्टच्या कर्मचाऱ्यांबरोबर काम केलं. लंडनच्या वाहतूक खात्याने २०१३ मध्ये पाहणी केली, तेव्हा ज्या बायकांना प्रवासात त्रास झाला त्यांच्यातल्या दहापैकी नऊजणींनी तक्रारच केलेली नव्हती. तिथल्या पोलिसांनी मग बायकांना तक्रार करायला सांगणारी मोहीम काढली. तक्रारी वाढल्या तर घाबरायचं नाही, उलट बायकांचा विश्वास वाढला असं समजायचं, हे त्यांनी ठरवून घेतलं. हा धडा आपल्याही कामाचा आहे. आगारात वर्षभर एकही तक्रार आली नाही, म्हणजे त्रास झाला नाही असं नाही.

कोणी म्हणेल, बायकांच्या वेगळ्या गाड्या काढा. शहराला ते जमतं. ५ मे १९९२ रोजी मुंबईत चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली. पण आपल्याकडे सकाळची गाडी एकच. तिच्यात आपण, आपली मुलगी, शेजारचा काका आणि तो त्रास देणारासुद्धा. बरं, तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. कंडक्टरसुद्धा पंचक्रोशीतलाच. त्यामुळे "जाऊ दे, आपलाच माणूस" हे शहरापेक्षा आपल्याकडे जास्त चालतं. म्हणून वेगळी गाडी हे आपलं उत्तर नाही. आहे त्याच गाडीत कर्मचाऱ्याला काय करायचं ते ठाऊक असणं, हे आपलं उत्तर.

यंत्रंही आली आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटाच्या वेळचं बटण बसवायचा नियम आहे. पण बटण दाबल्यावर धावून येणार माणूसच. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. बातम्यांत आलं ते असं, की "ताई" म्हणत आलेल्या माणसाने तिला चुकीच्या गाडीकडे नेलं, आणि नंतर तिने हे पहिल्यांदा सांगितलं ते फोनवर, ओळखीच्या माणसाला. त्यानंतर सुरक्षारक्षक बदलायचे आदेश निघाले, आगारांतल्या पडीक गाड्या हलवायचं ठरलं. ते हवंच होतं. पण माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली. एवढ्या मोठ्या स्थानकात, खाकी कपड्यातल्या एखाद्या माणसाकडे जाऊन सांगावं, असं आपल्या मुलींना वाटतं का? शिक्षण द्यायचं ते यासाठी. मुलीला वाटलं पाहिजे, याला सांगितलं तर हा ऐकेल.

मग कंडक्टर-ड्रायव्हरला शिकवायचं काय? फार मोठं शास्त्र नाही.

पहिलं, तक्रार आली की आधी विश्वास ठेवायचा. "खात्री आहे ना? धक्का लागला असेल," असं म्हणायचं नाही. खरं-खोटं ठरवणं हे कंडक्टरचं काम नाही, ते पोलिसांचं आणि कोर्टाचं.

दुसरं, सगळ्या गाडीसमोर "कुठे हात लावला?" असं विचारायचं नाही. बाजूला, हळू आवाजात, एवढंच विचारायचं: "तुम्ही ठीक आहात का? तुम्हाला काय हवंय?" पहिलं वाक्य चुकलं तर बाई तोंड मिटते आणि परत उघडत नाही.

तिसरं, जागा बदलायची ती त्या माणसाची. बाईला सुरक्षित वाटत नसेल तर तिला जरूर पुढे घ्या, पण त्याला तिथे मोकळा सोडू नका, आणि पुढच्या थांब्यावर गुपचूप उतरूही देऊ नका.

चौथं, एक घंटी मारून गाडी थांबवायची, ड्रायव्हरला सांगायचं, ११२ वर फोन करायचा आणि गाडी जवळच्या ठाण्याला न्यायची. वाटेतल्या थांब्यावर मुलीला एकटीला उतरवून पुढे निघून जायचं नाही.

पाचवं, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, साक्षीदारांची नावं लिहून ठेवायची. गाडीत किंवा स्थानकात कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रण पुसलं जाण्याआधी जपून ठेवायला आगाराला कळवायचं.

सहावं, मांडवली करायची नाही. "माफी माग आणि मिटव," हे सांगायचा हक्क कंडक्टरला नाही, गावच्या पुढाऱ्यालाही नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्याने पोलिसांना सांगायलाच हवं. न सांगणं हाच गुन्हा ठरतो. शाळेच्या मुली भरून नेणाऱ्या गाड्यांत हे फार महत्त्वाचं.

रेडीच्या बायकांसाठी एक गोष्ट खास. आपण हद्दीवर राहतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्याच बाजूला, पण राज्य गोव्याचं. गाडी तासाभरात दोन राज्यं फिरते. मग घटना घडली कुठे, तक्रार कुठे करायची, यावरून बाईला इथून तिथे पाठवलं जाण्याची भीती. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे स्पष्ट केलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, समोर येईल त्या ठाण्याने तक्रार घ्यायची. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. अशा गुन्ह्यात बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचं आणि तक्रारीची प्रत फुकट द्यायची, हेही त्यात आहे.

आणि त्रास देणारा कर्मचारीच निघाला तर? २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. प्रवासी बाईसुद्धा त्या संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देऊ शकते. तीच समिती महिला कंडक्टरांसाठीही आहे. आज आपण गाडीत हातात मशीन घेतलेली बाई बघतो, २०१९ मध्ये पुण्यात महिला चालकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. त्यांनाही प्रवाशांकडून, कधी सोबतच्यांकडून त्रास होतो. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने अशी शिबिरं घेणं हे याच कायद्याने मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे आपण मागणार ते उपकार म्हणून नव्हे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बायका माहेरी, बाजाराला, देवाला, कामाला मोकळेपणी निघू लागल्या. पैसे वाचले. आता गाडीत निर्धास्त बसता आलं पाहिजे.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाले की दहा मिनिटं काढा. वेंगुर्ले किंवा सावंतवाडी आगाराच्या व्यवस्थापकांना गटाच्या वतीने एक अर्ज लिहा, आणि प्रत कणकवलीला विभाग नियंत्रकांना पाठवा. चार गोष्टी मागा. चालक-वाहकांना तक्रार कशी घ्यायची याचं शिक्षण द्या, आणि त्या शिबिरात आमच्या गटाच्या दोघींना बोलायला बोलवा. गाडीत आणि स्थानकात ११२, बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. तक्रार समितीतल्या माणसांची नावं फलकावर लिहा. आणि ज्या कंडक्टरने नीट तक्रार घेतली, गाडी ठाण्याला नेली, त्याचा उशीर माफ करा आणि सर्वांसमोर त्याचं कौतुक करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

एक काम मात्र आगाराला सांगून होणार नाही, ते आपल्याच घरातलं आहे. मुलगी गाडीतलं काही सांगायला आली, तर तिचं कॉलेज बंद करायचं नाही. एवढी शपथ आपण आयांनी घेऊया. माझ्या आईवर मी रागावलेली नाही. तिला दुसरं काही माहीत नव्हतं, त्या काकांना नव्हतं तसंच. आपल्याला आता माहीत झालं आहे.

चला, संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. नमस्कार.